अरबीचं पाठ्यपुस्तक: सोपं खरं, पण कुणाला?

हैदराबादेत अरबीच्या पुस्तकांना तोटा नाही. छत्ता बाजारापासून चारमिनारपर्यंतच्या दुकानांत मदिनेची, रियाधची, लखनौची, देवबंदची आणि खुद्द हैदराबादची पुस्तकं एकाच फळीवर उभी असतात, आणि बहुतेकांवर 'नवशिक्यांसाठी' असा शिक्का असतो. उस्मानिया विद्यापीठ, मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ आणि इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी या तिन्ही ठिकाणी अरबीचं अध्यापन चालतं. इंटरमिजिएटला दुसरी भाषा म्हणून अरबी घेता येते. जामिया निजामियासारखी एकोणिसाव्या शतकातली संस्था आजही चालू आहे. नांदेड-परभणीकडून इथे शिकायला आलेली मुलं, आखातात नोकरीला निघालेले तंत्रज्ञ, जुनी कागदपत्रं वाचू पाहणारे इतिहासाचे अभ्यासक, अशी मराठी माणसंही या ना त्या निमित्ताने अरबीच्या वाटेला लागतात. पहिली अडचण येते ती पुस्तक निवडताना.

दुकानदार सांगतो ते पुस्तक, मित्राने वापरलेलं पुस्तक, पीडीएफ फुकट मिळाली ते पुस्तक: निवड बहुधा अशीच होते. दोन महिन्यांत वर्ग रिकामा होतो आणि दोष 'अरबी अवघडच' यावर ढकलला जातो. खरं तर पुस्तकाचा सोपेपणा मोजता येतो. त्याला महागडी साधनं लागत नाहीत. पेन्सिल, वही आणि ज्यांच्यासाठी पुस्तक घ्यायचं ते दोन-तीन विद्यार्थी एवढ्यावर काम भागतं. हे विद्यार्थी मात्र हवेतच. त्यांना वगळून काढलेला आकडा कितीही शास्त्रीय दिसला तरी तो दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलांचा असतो.

वाचणारा कोण?

हैदराबादच्या एकाच वर्गात तीन तऱ्हांचे विद्यार्थी बसलेले असतात. पहिला लहानपणी मक्तबात, म्हणजे धार्मिक प्राथमिक शाळेत, गेलेला. अरबी अक्षरं तो खडाखडा वाचतो, उच्चारही चांगले, पण वाचलेल्याचा अर्थ त्याला लागत नाही. घरात उर्दू किंवा दखनी असल्याने शेकडो अरबी शब्द मात्र त्याच्या कानावर आहेत. दुसरा मराठी, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमातला. त्याची सुरुवात अलिफपासून, उजवीकडून डावीकडे. तिसरा उर्दू लिहिता-वाचता येणारा, बहुधा मराठवाड्यातल्या किंवा जुन्या हैदराबाद संस्थानातल्या घरातला. तो उर्दूच्या नस्तालीक वळणाला सरावलेला असतो आणि अरबीची नस्ख वळणाची छपाई पाहून पहिले काही दिवस बिचकतो.

पहिल्याला भरभर वाचताना पाहून शिक्षक फसतात. मोठ्याने वाचता येणं आणि समजणं यांत अरबीत जेवढी दरी पडू शकते तेवढी फार थोड्या भाषांत पडते. म्हणून वाचनसुलभता मोजताना प्रकट वाचनाचा वेग धरूच नका.

आखातात वाहन चालवायला किंवा रुग्णालयात काम करायला निघालेल्याला या लेखाचा फारसा उपयोग नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याला तिथली बोली हवी. पाठ्यपुस्तकातली प्रमाण अरबी तिथे कुणी बाजारात बोलत नाही. आमच्या बारकस भागात हदरमौतहून आलेल्या अरब सैनिकांचे वंशज राहतात, नांदेड-परभणीतले चाऊसही त्याच मुळाचे. पण शेजारी अरब घराणं आहे म्हणून पाठ्यपुस्तकातली अरबी ऐकायला मिळेल, अशी आशा धरू नये.

सूत्रं काय मोजतात

इंग्रजीत १९४८ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी वाक्यातले शब्द आणि शब्दातले अक्षरावयव मोजून मजकुराला गुण देण्याचं सूत्र मांडलं. पुढे अमेरिकी नौदलासाठी १९७५ मध्ये त्याचं इयत्तावार रूप निघालं. एडवर्ड फ्राय यांचा १९६८ चा आलेखही याच जातीचा. पुस्तकातून शंभर-शंभर शब्दांचे तीन उतारे घ्यायचे ही त्यांची पद्धत आपणही पुढे वापरणार आहोत. अरबीतही असे प्रयत्न झाले: १९७७ मध्ये दाऊद, १९८४ मध्ये अल-हीती, २०१४ मध्ये जॉर्डनच्या शालेय पुस्तकांवरून बेतलेला निर्देशांक आणि २०१६ मध्ये एल-हाज आणि रेसन यांचं 'उस्मान' हे सूत्र. आमच्या उस्मानियाशी त्याचा काही संबंध नाही, नाव जुळलंय एवढंच.

अल-हीतींचं सूत्र उदाहरण म्हणून घ्या, कारण ते हाताने करता येतं. शब्दाची सरासरी अक्षरसंख्या काढा, तिला ४.४१४ ने गुणा, १३.४६८ वजा करा. जे उरतं ती इयत्ता. सरासरी चार अक्षरं आली तर उत्तर ४.१९, म्हणजे चौथीचा मजकूर. पाच आली तर ८.६०, म्हणजे जवळपास नववीचा. एका अक्षराने चार इयत्तांची उडी! आता अरबीत 'अल' हा निश्चितवाचक तुकडा नामाला चिकटूनच लिहितात. 'किताब' चार अक्षरांचं, 'अल-किताब' सहा अक्षरांचं. 'ते पुस्तक' म्हणायचं की 'एक पुस्तक' एवढ्या फरकाने आपल्या मुलाला दोन अक्षरांचा दंड बसतो. 'अल' तर पहिल्याच आठवड्यात येतं, त्यात अवघड काय?

याउलट 'क़द' पाहा. दोन अक्षरं. भूतकाळी क्रियापदापुढे आलं तर 'झालंच आहे' असा ठामपणा, वर्तमानकाळी क्रियापदापुढे आलं तर 'कदाचित'. किंवा अलिफ-नून ही जोडी: स्वरचिन्हं आणि हमज़ा नसतील तर तीच दोन अक्षरं 'इन', 'अन', 'इन्ना' किंवा 'अन्ना' यांपैकी काहीही असू शकतात, आणि चौघांचं व्याकरण वेगवेगळं. सूत्राच्या हिशेबी हा सगळ्यात सोपा शब्द. दमछाक होते ती इथेच.

सूत्रांचा मूळ दोष मात्र याहून खोल आहे. ती बहुतेक अरब मुलांच्या शालेय पुस्तकांवरून बेतलेली आहेत. अम्मानमधलं सहा वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा बोलीतून हजारो शब्द घेऊनच येतं, त्याला लांब वाक्यं आणि लिखित वळण तेवढं नवं असतं. आपल्या विद्यार्थ्याला शब्दच नवा असतो. वाक्य चार शब्दांचं असलं तरी चारही अनोळखी असतील तर त्याला ती भिंतच. म्हणून सूत्राचा आकडा एकाच पुस्तकातले धडे आपसात ताडून पाहायला वापरा: तिसऱ्या धड्यानंतर एकदम उडी आहे का, नववा आठव्यापेक्षा सोपा निघतो का. 'हे पुस्तक आमच्या मुलांना पेलेल का' हा प्रश्न त्याला विचारू नका.

शंभर शब्दांचा हिशेब

पुस्तकाच्या पहिल्या तिहाईतून, मधून आणि शेवटून प्रत्येकी शंभर शब्दांचा सलग उतारा घ्या. धड्याची सुरुवात टाळा, लेखक तिथे मुद्दाम सोपं लिहितात. शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधला छापील शब्द, एवढीच व्याख्या ठेवा. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा मांडा: त्या शब्दाचे तुकडे किती.

एक वाक्य मीच रचून देतो: 'हज़रत तालिबतुन जदीदतुन मिनल-हिंद, फ़-अख़बरतहा अल-मुदीरतु बि-मौइदि अल-इम्तिहान.' भारतातून एक नवी विद्यार्थिनी हजर झाली, तेव्हा मुख्याध्यापिकेने तिला परीक्षेच्या वेळेची खबर दिली. यात 'फ़-अख़बरतहा' हा छापील एक शब्द. फोडला तर 'फ़' म्हणजे मग, 'अख़बरत' म्हणजे तिने खबर दिली, 'हा' म्हणजे तिला. तीन तुकडे, आठ अक्षरं. नवशिक्याची नजर या शब्दावर अडखळते ती मूळ शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दिसत नाही म्हणून. 'व', 'फ़', 'बि', 'लि', 'क', 'स', 'अल' हे पुढून आणि सर्वनामांचे प्रत्यय मागून चिकटतात. शंभर छापील शब्दांचे तुकडे मोजा. सुरुवातीच्या धड्यांत हा आकडा शंभराहून थोडाच वर असायला हवा. पहिल्या तिहाईतच तो दीडशेच्या पुढे जात असेल तर पुस्तक ज्याला थोडंफार येतं त्याच्यासाठी आहे, मुखपृष्ठ काहीही म्हणो. दीडशे ही मर्यादा माझी, अनुभवावरची. तुमच्या वर्गावरून ती हलवायला हरकत नाही.

वाक्याची लांबी मोजताना पूर्णविरामावर विसंबू नका. अरबी लेखणीला 'व' ने जोडत जायची सवय आहे, आणि जुन्या ग्रंथांत विरामचिन्हं जवळपास नसतातच. त्याऐवजी क्रियापदं मोजा. शंभर शब्दांत किती क्रियापदं, आणि त्यांतली किती भूतकाळी साध्या रूपाबाहेरची, हे लिहून ठेवा. ज्याला क्रियापदाची दहा घराणी (एकाच धातूपासून ठरावीक साच्यांनी बनणारी रूपं) अजून शिकवलेलीच नाहीत त्याच्यापुढे आठवं आणि दहावं घराणं आलं तर वाक्य छोटं असूनही अर्थ लागणार नाही.

आता विद्यार्थ्याला बोलवा. त्याच उताऱ्यातले न कळणारे शब्द त्याला अधोरेखित करायला सांगा. लाजून कमी रेघा मारणारे असतात, म्हणून मधूनच चार शब्दांचा अर्थ विचारा. इंग्रजीवरच्या अभ्यासांत दोन आकडे वारंवार येतात: बातिया लॉफर यांचा १९८९ चा ९५ टक्के आणि हू व नेशन यांचा २००० सालचा ९८ टक्के. मजकुरातले ९५ टक्के शब्द ओळखीचे असतील तर परभाषिक वाचकाला तो बऱ्यापैकी कळतो, ९८ टक्के असतील तर तो आधाराविना तग धरतो. अरबीसाठी ते तंतोतंत लागू नाहीत, पण खूण म्हणून चालतात. शंभरात दोन अनोळखी असतील तर पुस्तक घरी एकट्याने वाचायला द्या. पाचपर्यंत असतील तर वर्गात, शिक्षकासोबत. दहाच्या वर गेलं की ते वाचन उरत नाही, शब्दकोश उलटायचा व्यायाम होतो.

इथे शब्दसंख्येच्या गणितातली एक फसगत सांगायला हवी. हैदराबादेतल्याच 'अंडरस्टँड अल-कुरआन अकॅडमी'चा सुरुवातीचा अभ्यासक्रम वारंवारितेच्या हिशेबावर उभा आहे: कुरआनात साधारण ७८ हजार शब्द, आणि निवडक १२५ शब्द मिळून त्यात सुमारे ४० हजार वेळा येतात. सुरुवात म्हणून ही कल्पना फार चांगली आहे, माणसाला आठवड्याभरात हुरूप येतो. पण निम्मे शब्द ओळखले म्हणजे निम्मा अर्थ कळला, असा समज विद्यार्थी स्वतःच करून घेतो. वारंवार येणारे शब्द बहुतांशी अव्ययं, सर्वनामं आणि मोजकी क्रियापदं असतात. अर्थ ज्या नामावर टेकलेला असतो ते नेमकं उरलेल्या निम्म्यात. म्हणून टक्केवारी काढताना अव्ययं बाजूला ठेवून नुसत्या नाम-क्रियापदांची दुसरी टक्केवारीही काढा. दोन आकड्यांत फार तफावत असेल तर दुसऱ्यावर विश्वास ठेवा.

नवा शब्द पुन्हा भेटतो की नाही, हेही याच वेळी पाहा. एका धड्यातले दहा नवे शब्द घ्या आणि पुढच्या तीन धड्यांत शोधा. लखनौच्या अबुल हसन अली नदवींनी भारतीय मुलांसाठी लिहिलेलं 'क़ससुन-नबिय्यीन' या बाबतीत आदर्श आहे. छोटी वाक्यं, तेच शब्द फिरून फिरून, आणि तरी गोष्ट पुढे सरकते. याउलट काही देखणी, रंगीत पुस्तकं प्रत्येक धड्याला विमानतळ, दवाखाना, भाजीबाजार असा नवा विषय काढतात आणि मागच्या धड्यातले शब्द वाऱ्यावर सोडतात. पान सोपं दिसतं, पुस्तक अवघड असतं.

ओळखीचे आणि ओळखीचे वाटणारे

परदेशी मापं हैदराबादेत सगळ्यात जास्त चुकतात ती इथे. वरच्या वाक्यातला 'अल-इम्तिहान' हा शब्द घ्या. आठ अक्षरं, म्हणजे सूत्राच्या लेखी अवघड. पण दखनी बोलणाऱ्या कुठल्याही मुलाला तो परीक्षेच्या धास्तीसकट माहीत असतो. 'जदीद', 'तालिब' हेही. नुसती मराठी येणाऱ्यालाही 'हजर', 'हिंद' आणि 'खबर' पकडता येतात.

अमेरिकेत गाजलेलं 'अल-किताब' हे पुस्तक पाहा. ब्रुस्ताद, अल-बताल आणि अत-तौन्सी यांचं, पहिल्यांदा १९९५ मध्ये आलेलं. त्याची नायिका महा न्यूयॉर्कमध्ये राहते, वडील संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला, त्यामुळे विद्यार्थ्यांना रंगांची नावं यायच्या आत 'अल-उमम अल-मुत्तहिदा' शिकावं लागतं. तिकडे हा थट्टेचा विषय झालेला आहे. इकडे मात्र उर्दू वर्तमानपत्र वाचणारा मुलगा 'अक़वामे मुत्तहिदा' रोज वाचतो, त्याला निम्मा शब्द फुकट मिळाला. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमात सुरू झालं, आणि त्याच्या दारुल तर्जुमाने, म्हणजे अनुवाद विभागाने, शास्त्रीय परिभाषा अरबी-फारसीतून घडवली. त्या परंपरेतली कितीतरी विद्वज्जड नामं हैदराबादी उर्दूत अजून खेळतात. परिणाम असा की आमच्या उर्दूभाषक विद्यार्थ्याला वर्तमानपत्री अग्रलेखातली भारदस्त नामं सोपी जातात आणि स्वयंपाकघरातला चमचा अडतो. शिडीच्या वरच्या पायऱ्या आधी हाताला लागतात, खालच्या नंतर.

मराठीतही अरबीचं भांडार थोडंथोडकं नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून बरेच शब्द बाहेर घालवायचा प्रयत्न झाला, तरी वकील, हिशेब, जिल्हा, तारीख, वसूल, अर्ज, वारस, मालक, सवाल, जवाब, फक्त हे आहेतच. बहुतेक फारसीच्या दारातून आले, म्हणून माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारशी-मराठी कोश अरबी शिकणाऱ्या मराठी माणसाने हाताशी ठेवावा असं मी सुचवतो. त्या कोशाचा हा हेतू नव्हता, पण उपयोग होतो.

तेव्हा अधोरेखित न झालेल्या शब्दांचे पुन्हा दोन भाग करा. एक, ओळखीचे आणि अर्थही तोच. दुसरे, ओळखीचे वाटतात पण अर्थ वेगळा. 'तालीम' अरबीत शिकवणं, कुस्तीचा आखाडा नव्हे. 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती. 'ग़रीब' म्हणजे अनोळखी, विचित्र. 'फ़ुर्सा' म्हणजे संधी, मोकळा वेळ नव्हे. 'मकान' घर नव्हे, जागा. 'खाली' म्हणजे रिकामं. या शब्दांवर विद्यार्थी रेघ मारत नाही, कारण त्याला ते कळले असं वाटतं. न कळलेल्या शब्दापाशी तो निदान थांबतो, इथे थांबतही नाही. शंभरात असे तीनाहून जास्त शब्द असतील आणि पुस्तकात त्यांची टीप नसेल, तर गुण कापा. मदिनेत, रियाधमध्ये किंवा अमेरिकेत निघालेल्या पुस्तकात अशी टीप असायचं कारणच नाही, त्या लेखकांपुढे आपला विद्यार्थी नव्हता. ती टीप शिक्षकाने करायची.

याला काहीसा अपवाद म्हणून 'मदिना बुक्स' या नावाने ओळखली जाणारी मालिका लक्षात घेण्यासारखी आहे. तिचे कर्ते व्ही. अब्दुर रहीम मूळचे तमिळनाडूतल्या वाणियमबाडीचे, ते मदिनेच्या इस्लामी विद्यापीठात शिकवत असत. भारतीय विद्यार्थी कुठे अडतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या पहिल्या भागातली शब्दांची संथ वाढ त्याची साक्ष देते. संवाद मात्र मदरसा, मशीद, परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह यांभोवती फिरतात. मुस्लिम घरातल्या मुलाला हज किंवा वुज़ूचा (नमाजाआधीच्या प्रक्षालनाचा) धडा अर्धा पाठच असतो. कोठी किंवा काचीगुड्याच्या मराठी घरातून आलेल्या मुलीला त्याच धड्यात शब्दही नवा आणि गोष्टही नवी. माप घेताना दोघांचे आकडे वेगळे लिहा. सरासरी काढलीत तर तो आकडा दोघांपैकी कुणाचाच राहणार नाही.

हरकती कधी काढायच्या

अरबीत अठ्ठावीस अक्षरं, ऱ्हस्व स्वर अक्षरांच्या वर-खाली खुणांनी दाखवायचे. या हरकती कुरआनात आणि बालपुस्तकांत असतात, वर्तमानपत्रात नसतात. ऐन-लाम-मीम एवढंच छापलं तर 'इल्म' म्हणजे ज्ञान, 'अलम' म्हणजे झेंडा, 'अलिमा' म्हणजे त्याने जाणलं, 'अल्लमा' म्हणजे त्याने शिकवलं. संदर्भाने ठरवायचं.

देवनागरीत वाढलेल्या वाचकाला याचा त्रास उर्दूवाल्यापेक्षा जास्त होतो. आपल्याला प्रत्येक काना-मात्रा लिहिलेली लागते. मोडी वाचणाऱ्यांना मात्र ही सवय असते, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द संदर्भावरून उचलावा लागतो. मोडी येणारा अभ्यासक अरबीत लवकर रुळेल, असा माझा अंदाज आहे.

पुस्तकात हरकती आहेत का, एवढंच पाहून भागत नाही. त्या कमी कशा होतात ते पाहा. चांगलं पुस्तक आधी ओळखीच्या शब्दांवरच्या खुणा काढतं, मग व्याकरणाने ठरणाऱ्या शेवटच्या खुणा, आणि दुहेरी वाचनाच्या शब्दांवर त्या शेवटपर्यंत ठेवतं. मधल्या उताऱ्यातले बिनखुणांचे शब्द मोजा आणि त्यांतल्या किती शब्दांची दोन वाचनं संभवतात ते एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. पहिला भाग पूर्ण खुणांचा आणि दुसरा भाग एकदम कोरा, अशी पुस्तकं निघतात. दुसरा भाग विकत घेणाऱ्यांची संख्या का घटते याचं उत्तर बरेचदा तिथे असतं.

छपाईही तपासा. भारतात मदरशांसाठी छापलेल्या जुन्या वळणाच्या आवृत्त्यांत समासात हाशिया म्हणजे भाष्य, ओळींच्या मधे बारीक टिपा, मजकूर दाटीवाटीने. उस्तादांना तो खजिना वाटतो. नवशिक्याला ओळ कुठून कुठे जाते तेच कळत नाही.

गाळलेल्या जागा

आतापर्यंतचं सगळं पुस्तकाच्या बाजूने मोजलं. एक चाचणी विद्यार्थ्याच्या बाजूने घ्या. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. अडीचशे-पावणेतीनशे शब्दांचा न वाचलेला उतारा घ्यायचा, पहिलं आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं ठेवायचं, मधला प्रत्येक पाचवा शब्द गाळायचा, एकूण ५० जागा. विद्यार्थ्याने त्या भरायच्या. इंग्रजीत नेमका मूळ शब्द आला तरच गुण देतात, आणि बोर्मथ यांनी लावलेल्या पट्टीप्रमाणे ५७ टक्क्यांच्या वर गेला तर मजकूर एकट्याने वाचण्याजोगा, ४४ ते ५७ मध्ये असेल तर शिक्षकासह, त्याखाली झेपण्यापलीकडचा. पन्नासात सांगायचं तर २९ आणि २२ या दोन रेघा.

अरबीत तीन बदल करा. चिकटलेल्या तुकड्यांसह आख्खा छापील शब्द गाळा, नाहीतर उरलेला तुकडा उत्तर सांगून टाकतो. परभाषिकाला अर्थ आणि व्याकरण दोन्हींत बसणारा पर्यायी शब्द मान्य करा, नेमक्याच शब्दाचा हट्ट धरलात तर हुशार विद्यार्थीही नापास होईल. आणि दोन-तीनशे शब्द येण्याआधी ही चाचणी घेऊच नका, तोवर ती पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. वर्गातल्या चांगल्या, मध्यम आणि मागे पडणाऱ्या अशा तिघांनाही बसवा. पुस्तक मध्यम विद्यार्थ्यावरून निवडायचं असतं, तो २२ ते २८ मध्ये यावा.

संगणकाची मदत

असल्यास घ्या, नसल्यास अडत नाही. अबुधाबीच्या न्यूयॉर्क विद्यापीठातली 'कॅमल टूल्स' आणि कतारची 'फ़रासा' ही मोफत साधनं शब्द फोडून देतात आणि हरकती लावून देतात, म्हणजे तुकडे मोजायचं काम वाचतं. अबुधाबीतच झालेल्या 'समर' प्रकल्पाने हजारो शब्दांना पाच पातळ्या लावल्या आहेत, त्यानंतरच्या 'बारेक' मध्ये वाक्यांच्या १९ पातळ्या आहेत. पण पातळी ठरवणाऱ्यांसमोर अरब वाचक होता, हे विसरू नका. मोरोक्कोतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये वेगळी वाट धरली: 'अल-किताब'चे धडे समोर ठेवून एखादा नवा उतारा विद्यार्थ्याला कितव्या धड्यानंतर पेलेल ते शोधलं. आपल्या कामाची पद्धत ही. शिकवलेल्या शब्दांची यादी एक्सेलमध्ये ठेवणारा कुठलाही शिक्षक ती वापरू शकतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने हीच यादी उलट्या बाजूने वापरावी. उस्मानियाच्या आवारातल्या दाइरतुल मआरिफ या १८८८ पासूनच्या संस्थेने अल-बिरूनीचा भारतावरचा ग्रंथ १९५८ मध्ये मूळ अरबीत छापला. तो वाचायचा असेल तर आधी त्याच्यातलेच तीन उतारे काढून वरचा हिशेब करा, आणि हाताशी असलेलं पाठ्यपुस्तक संपल्यावर त्यांतले किती शब्द ओळखीचे होतील ते पाहा. साठ टक्के आले तर मधे आणखी एक पुस्तक लागेल, आणि ते बहुधा संभाषणाचं नसेल.

राहिला प्रश्न ज्यांना निवडीची मुभाच नाही त्यांचा. विद्यापीठाने पुस्तक नेमलेलं असतं आणि माप घेतल्यावर ते जड निघतं. अशा वेळी मजकूर बदलू नका, परीक्षेत तोच येणार आहे. अर्थ ज्यांवर टेकलाय अशी पाचच नामं-क्रियापदं धड्याआधी फळ्यावर द्या. दुहेरी वाचनाच्या शब्दांवर पेन्सिलीने हरकती घालून घ्या. लांब वाक्यात 'व' जिथे नवं वाक्य सुरू करतो तिथे उभी रेघ मारा. फसव्या ओळखीच्या शब्दांची एक यादी वर्गाच्या भिंतीवर लावा आणि वाढवत न्या. महिन्याभराने गाळलेल्या जागांची चाचणी पुन्हा घ्या, पण शिकवलेल्या धड्यातला उतारा देऊ नका. मुलांना तो पाठ झालेला असतो, आणि पाठांतराचे गुण या मापात धरायचे नाहीत.